टोकाची बांधी आधी

"आबाजी, तुमी धुरपताबाईच्या घरावरून काऊन नाई जात?"

प्रश्न माझा नव्हता, माझ्या मैत्रिणींचा, अंजू आणि मोनूचा होता. केशोरीच्या शाळेतून सायकलींनी परत येताना दोघींनी पैज लावली. अंजू म्हणाली, "वक्तृत्वात ढाल आणली तवापासून लय उडून राहिली तू. मंग आपल्या आबाजीले एवढं विचारून दाखव." मोनू म्हणाली, "नाई विचारत पाय हे. बाहेर वाघ, घरी मांजर." मी मांजर नाही. नववीत आल्यापासून तर मुळीच नाही. म्हणून विचारलं. फक्त विचारायला जी वेळ निवडली ती आजीच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीची होती, एवढंच चुकलं.

आबाजींच्या हातातला लाखोरीच्या डाळीचा वडा हातातच राहिला. त्यांनी पाण्याचा गिलास उचलला, प्यायले नाहीत, परत ठेवला.

आईनं खिरीचं भांडं माझ्या हातात कोंबलं. "टीना, वाढ तिकडं."

"वाढते ना. पण आबाजी..."

"मेल्या माणसाच्या जेवनात असं विचारत नाई वो बाई," कुंदाआत्या म्हणाली. आत्या शेजारच्याच गावात दिली आहे, त्यामुळे ती माहेरी पाहुणी कमी आणि तपासनीस जास्त असते.

ओमेशकाका हसला. तो गोंदियात राहतो, मोबाइल कंपनीत आहे, आणि गोंदियाला राहून राहून त्याची अर्धी जीभ हिंदी झाली आहे. "अरे, अपनी टीना तो रिपोर्टर बन गई. बाबूजी, बोला ना काहीतरी, नाही तर ही ब्रेकिंग न्यूज लावीन."

आबाजी म्हणाले, "खीर वाढ, पोरी." बस. पुनाराम गहाणे हा माणूस कोणाला उत्तर द्यायचं टाळत नाही, अशी आमच्याकडे ख्याती आहे. मला खिरीवर पाठवलं, तेव्हाच मला कळलं की प्रश्न खोल गेला.

आमच्या घरापासून बसथांब्याला जायला दोन रस्ते आहेत. एक जवळचा, तलावाच्या पाटाच्या कडेकडेनं, गावाच्या अगदी टोकाला धुरपताबाईचं घर आहे त्याच्यासमोरून. दुसरा मारुतीला वळसा घालून, शाळेमागून, दुप्पट लांब. आबाजींचा उजवा गुडघा गेल्या चार वर्षांपासून कुरकुरतो, तरी ते लांबूनच जातात. आजी जवळच्या रस्त्यानं जायची. मी लहान असताना दोघं एकत्र घरून निघायचे, आमच्या कोपऱ्यावर वेगळे व्हायचे आणि बसथांब्यावर परत भेटायचे. मला वाटायचं, सगळ्यांचे आजी-आजोबा असेच जातात.

*

आम्ही तलाव बांधणारी माणसं. पणजोबांनी, म्हणजे खुशालबाबांनी, दुष्काळात आमच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती वाहिली ती कथा या घरात इतक्यांदा सांगून झाली आहे की माझ्या लहान भावालाही, गुड्डूलाही, टोपल्यांचा आकार पाठ आहे. बांधणारे खुशालबाबा, आणि वाटणारे आबाजी. पाळीत बसवलेली दगडी नळी म्हणजे तुडूम. त्याची भोकं लाकडी खुंट्यांनी बंद असतात. कोणती खुंटी कधी काढायची, पाटाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती वेळ जाऊ द्यायचं, हे आबाजी ठरवायचे. गावानं दिलेलं काम. एकवीस वर्षं केलं आणि मग एका हिवाळ्यात सोडून दिलं. का सोडलं ते कोणी बोलत नाही.

त्या कामाचा एक नियम होता आणि तो मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला. टोकाची बांधी आधी. पाणी तुडुमाजवळून निघतं, माथ्यावरच्या बांध्यांसमोरून जातं, पण प्यायची पहिली पाळी सगळ्यात शेवटच्या बांधीची. तिचं पोट भरलं की तिच्या वरची, मग तिच्या वरची. आबाजी मला खांद्यावर बसवून पाटावरून न्यायचे. तेव्हा त्यांनी काम सोडून कितीतरी वर्षं झाली होती, तरी पाट पाहायला जायचेच, अर्ध्यापर्यंत. एकदा मी विचारलं होतं, "आबाजी, जो जवळ हाय त्याले आधी काऊन नाई?" ते म्हणाले होते, "जवळच्याले पानी दिसते बेटा. ज्याले दिसत नाई त्याले आधी द्याव." मला त्यातलं काही कळलं नव्हतं. पाटात बेडूक होता, मी तो पाहत होते.

आणि आजी. रुख्माबाई. आजीची गाणी.

आजी जाण्याआधीच्या आषाढात मी बाबांचा फोन घेऊन रोवण्यावर, म्हणजे धानाच्या लावणीवर, गेले होते. धुरपताबाईच्या बांधीत. दरवर्षी घरचा रोवणा आटोपला की आजी तिच्या बांधीत जायचीच, कंबर मोडली तरी. दोघी गुडघाभर चिखलात वाकलेल्या, हातात पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंढ्या, आणि गाणं. एक ओळ आजीची, एक धुरपताबाईची. मी बांधावर बसून अकरा गाणी रेकॉर्ड केली. चिखलात पाय काढताना होतो तो पचक आवाजही त्यात आहे. सातव्या गाण्यात आजी मध्येच थांबते आणि म्हणते, "टीना, त्या फोनले चिखल लागीन, मंग तुहा बाप मले रागावीन." मग पुढची ओळ.

आजी जानेवारीत गेली. मी शाळेच्या कॉम्प्युटरवर महिनाभर डोकं फोडून इंटरनेटवर एक पान बनवलं. 'रुख्माची गाणी'. अकरा गाणी, एक फोटो, बाकी काही नाही. मग गावात ज्यांच्याकडे नेटचा फोन होता त्यांच्या फोनवर मी त्या पानाचं चित्र चिकटवून दिलं. बोट ठेवलं की आजी गायला लागायची. मागच्या आषाढात पहिल्यांदाच आजीशिवाय रोवणा झाला. धुरपताबाईनं बांधावरच्या पळसाच्या फांदीला फोन टांगला होता. आजी फांदीवरून गात होती आणि खालून बाया ओळी झेलत होत्या. मी त्या दिवशी शाळा बुडवली. ते कोणाला सांगू नका.

*

पंगत उठली. पत्रावळी गोळा झाल्या. ओमेशकाकानं गाडीतून खोकं आणलं आणि सपरीत, म्हणजे ओसरीत, मधोमध ठेवलं.

त्याच्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते त्यानं मला नंतर सांगितलं. तो मोजत होता. माणसं नाही, दिवस. दिल्लीच्या कार्यालयानं देशातल्या सगळ्यांचं म्हणणं सात तारखेपर्यंत मागितलं होतं आणि आज तीन होती. प्रश्न होता असा: कंपनीनं काही निवडक गोष्टी लोकांना फुकट दाखवाव्यात आणि बाकीच्या नाही, हे चालू द्यायचं की बंद करायचं? काकाच्या कंपनीला चालू हवं होतं. तिनं फोनवरच एक तयार पत्र टाकून ठेवलं होतं. एक बटण दाबा, तुमच्या नावानं पत्र दिल्लीला. जास्त पत्रं ज्याच्या भागातून, तो पुढे एरिया मॅनेजर. काका बारा वर्षांपासून मोटारसायकलवर सिमकार्डं वाटतो आहे. दरेकसाच्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत गेला आहे, पाऊस, वाघ, काही न पाहता. त्याला खुर्ची हवी होती. मला त्याचा राग येत नाही. म्हणजे त्या दिवशी आला होता.

"सुनो सब," काका म्हणाला. "हे नवीन सिम. यात नेट फुकट. रिझल्ट, बातम्या, नोकरीच्या जाहिराती, सब फ्री. अन् ज्यांच्याजवळ आधीचंच आहे त्यांनी फक्त एक बटण दाबायचं. टीना, आ जा बेटा. दिवाळीत तूच तर केलं होतं पूर्ण गावाचं."

केलं होतं. तेच तर.

बाबांचं गावात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यातच रिचार्ज. दिवाळीत काकानं खोकं पाठवलं होतं आणि मी सुट्टीभर काउंटरवर बसले. जो येईल त्याला नवं सिम घालून द्यायचं आणि त्याच्या फोनवर ते बटण दाबायचं. पत्र इंग्रजीत होतं. मी पहिली ओळ वाचली, गरिबांना नेट मिळावं अशी काहीतरी, आणि सगळ्यांना सांगितलं, "फुकट नेट पायजे म्हनून अर्ज हाय." लोक म्हणाले हाव, आणि मी दाबलं. एकेचाळीस वेळा. वहीत नावं लिहिली, शेजारी बरोबरची खूण केली. किती शहाणी होते मी.

पंधरा दिवसांपूर्वी अंजूच्या दादाचा, हिमांशूचा, नागपूरहून फोन आला. तो कॉलेजात आहे. म्हणाला, "तुमी गावात ते पत्र पाठवून राहिले का? वाचलं तरी का पूर्ण?" त्यानं एक दुसरं पान पाठवलं. देशभरातली पोरं उलट बाजूनं मेल पाठवत होती, लाखांनी. नेट सगळ्यांसाठी सारखं ठेवा, कोणाला धावता रस्ता आणि कोणाला रांगता, असं करू नका. मी शब्दकोश घेऊन बसले. कंपनीचं पत्रही शेवटपर्यंत वाचलं. दोन दिवस लागले. वाचून झाल्यावर मी दिवाळीची वही काढली आणि त्या एकेचाळीस खुणा परत मोजल्या.

आणि मी कोणालाच सांगितलं नाही. ढालवाली टीना. पंधरा दिवस गप्प.

"ये ना," काका म्हणाला.

कुंदाआत्यानं तोवर आपल्या शुभमचा फोन पुढे केला होता. काकानं जुनं सिम काढून नवं घातलंही. "हाव रे भाऊ, मह्या पोराचं आधी कर. फुकट हाय तं कायले सोडाव."

मी जागची हलले नाही. आणि तेवढ्यात धुरपताबाई आली.

*

तिला जेवायला बोलावलं होतं. तिला दरवेळेस बोलावतात आणि ती दरवेळेस सगळे जेवून झाल्यावर येते. पांढऱ्या केसांचा बारका अंबाडा, हातात कापडी पिशवी. ती सपरीच्या पायरीवर बसली, वर आली नाही. आबाजी खांबाजवळ खाटेवर होते. त्यांनी मान वळवली, तलावाकडे.

आईनं ताट आणलं. धुरपताबाईनं ते बाजूला ठेवलं, पिशवीतून फोन काढला. तडकलेला फोन, मुलानं रायपूरहून दिलेला.

"टीना, इकडं ये वो. पाय बरं, रुख्मा बोलूनच नाई राहिली."

"काय झालं आजी?"

"दिवाळीपासून अशीच. पहिले बोट ठेवलं का गाये. आता नुसतं गोल गोल फिरते, गोल गोल फिरते. मी म्हनलं, बिघडला फोन. मंग म्हनलं, वर्ष भरलं तं गेली असन. वर्षानं जाते म्हनतेत ना मानूस पूर्न."

आई वाढायची पळी हातात घेऊन तशीच उभी.

मी बोट ठेवलं. पांढऱ्या पडद्यावर ते चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं. खाली एक ओळ आली, ती इंग्रजीत. मी मोठ्यानं वाचली आणि मराठीत सांगितली, "हे पान फुकट योजनेत बसत नाई."

"नवीन सिम हाय त्याच्यात," मी म्हटलं. "मीच घातलं. रुख्मा गेली नाई आजी. रस्ता बंद केला तिचा."

"टीना," बाबा म्हणाले. बाबांचा एक आवाज आहे, तो फक्त माझं नाव घेतो आणि बाकीचं वाक्य मला समजून घ्यावं लागतं.

"नाई बाबा. काका, कोनत्या गोष्टी फुकट दिसतीन ते कोन ठरवते?"

"कंपनी ठरवते. और कौन ठरवेगा?"

"रुख्माची गाणी त्यात हायेत?"

"अगं, कंपनीला कसं माहीत असणार तुझं पान?" काका अजून हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. "समझ. ज्याच्याजवळ काहीच नव्हतं, त्याला काही तर मिळालं ना? दरेकसाच्या पोरांना पहिल्यांदा रिझल्ट फोनवर दिसला. मी दाखवला. ते रडले होते खुशीनं. त्याला तू वाईट म्हणशील?"

ती पोरं खरी होती.

"तुले भाषनं ठोकाले सोपं हाय," कुंदाआत्या म्हणाली. "भावाले खुर्ची मिळून राहिली तं घरचीच पोट्टी आडवी."

बाबा खाली पाहत होते. त्यांच्या मनात दोन गोष्टी चालल्या होत्या. एक, दुकानावर कंपनीचा मोठा फलक लागणार होता. दुसरी, फांदीला टांगलेला फोन त्यांनीही ऐकला होता. त्या दिवशी ते पंक्चर काढायला म्हणून निघाले आणि बांधावर तासभर बसले, हे आईनं पाहिलं होतं.

आई बोलली. पुष्पांजली गहाणे सासरच्या माणसांसमोर वाद घालत नाही. सोळा वर्षांत मी पाहिलेली ही पहिलीच वेळ, आणि माझं वय चौदा आहे, म्हणजे हिशेब तिच्याकडून घेतला आहे. आजीला ती मामीजी म्हणते. "ओमेशभाऊ, मामीजींचा आवाज फुकट नसन तं नसो. पन चालू तं राहिला पायजे ना. तिच्या पोरानं टाकलेल्या रिचार्जवर चालतच होता. मंग सिम कायले बदललं?"

"भाभी, पॅक टाकलं का तेही दिसेल. कोई रोक नहीं रहा."

"पन टाकीन कोन?" मी म्हटलं. "फुकट हाय म्हनून धुरपताबाईनं पोराले सांगतलन का रिचार्ज नको टाकू. हळूहळू सगळे तेवढंच पायतीन जेवढं कंपनीनं सोडलं. काका, हे म्हंजे कोनी तुडुमावर बसून म्हनाव का माथ्याच्या चार बांध्याईले पानी फुकट. बाकीच्याईनं पाटाकडं पायत राहाव."

खाटेचा आवाज झाला. आबाजी उठून बसले होते.

"काय म्हनली?"

"माथ्याच्या बांध्याईले आधी, आबाजी. टोकाची बांधी फिरत राहीन गोल गोल."

*

आबाजींनी पाय खाटेखाली सोडले. मग ते माझ्याशी बोलले, पण बघत होते पायरीकडे.

"तू विचारलन ना मघा. आता आयक.

"कुंदाची सोयरीक जमून राहिली होती त्या साली. हस्त कोरडा गेला. धान गरभात, अन् तलावात एका पाळीपुरतं पानी. तिच्या सासऱ्याईच्या चार बांध्या आपल्याच तलावाखाली, माथ्याले. ते बिचारे काई बोलले नाई. आले, बसले, चहा पेले, अन् जाता जाता म्हनले, पुनारामजी, धान गरभात हाय. बस एवढं. मी रातभर विचार केला. म्हनलं, एक दिवस त्याईले आधी देतो, दुसऱ्या दिवशी टोकाले देतो. एका दिवसानं काय होते? कोनाले समजते?"

कुंदाआत्याच्या हातातून सुपारीचा अडकित्ता खाली पडला.

"माथ्याची बांधी प्याले लागली का पीतच जाते. जमीन तडकली होती. टोकाले गेला तो नुसता वला चिखल. हिचं धान पोचट झालं. एक दाना भरला नाई." आबाजींनी बोट दाखवलं नाही, पण सगळ्यांनी धुरपताबाईकडे पाहिलं. "हिचा मालक त्याच साली कामाले बाहेर निंगून गेला. मी खुंटी काढाचं काम सोडलं. गावाले म्हनलं, डोळे कमजोर झाले. डोळे चांगले होते."

धुरपताबाई ताटातला भात कालवत होती. तिनं एक घास खाल्ला, मग म्हणाली, "मले ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"मी पाटावर बसून होती दिवसभर. पान्याचा आवाज आला नाई. दुसऱ्या दिवशी रुख्मा आली, तिनं सांगतलन सगळं. रडली. म्हने, धुरपता, मी तुह्या बांधीत जितं असेपावेतो रोवणा करीन. अन् केलन तिनं."

आबाजींचं तोंड उघडंच राहिलं. इतकी वर्षं आजीच्या शेजारी झोपलेला माणूस.

"मंग... मंग तू काई बोलली काऊन नाई मले?"

"मी वाट पायली, पुनारामभाऊ. म्हनलं येतीन, एक शबद बोलतीन. धानाचं काय, पुढच्या साली पिकलंच. तुमी तं गल्लीच बदलली."

बाहेर पेंढीच्या ढिगावर गुड्डू उड्या मारत होता, तेवढाच आवाज. कुंदाआत्या उठली. मला वाटलं आता ही रडणार किंवा भांडणार, तिला दोन्ही छान येतात. तिनं अडकित्ता उचलला, पदरानं पुसला आणि काकाला विचारलं, "ओमेश, शुभमचं जुनं सिम कुठं ठेवलं रे?"

"ताई, तू भी?"

"मह्या लग्नाचं पानी कोनाच्या बांधीतून आलं ते मले आज समजलं. दे इकडं सिम."

काका खोक्याजवळ बसून राहिला. बारा वर्षांची मोटारसायकल त्याच्या खांद्यांत दिसत होती. "मतलब मीच एकटा गुन्हेगार. दिवाळीत सगळे हाव हाव म्हणत होते, तेव्हा?"

"तुमी नाई काका," मी म्हटलं. आणि हे बोलायला मला ढालीपेक्षा जास्त हिंमत लागली. "बोट महं होतं. एकेचाळीस वेळा. मी पहिली ओळ वाचली अन् बाकीचं वाचलंच नाई. पंधरा दिवसांपासून ठाऊक हाय मले. मी बोलली नाई. मी बी गल्ली बदलली."

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. लहानपणी पाटावरून नेताना ते मला खांद्यावरून खाली उतरवायचे आणि म्हणायचे, आता तू चाल. तसं पाहिलं.

"गेलेली पत्रं परत नाही येत," काका हळू म्हणाला. हिंदी कुठे गेली होती कोण जाणे. "सिस्टममध्ये गेली."

"परत नाई येत. पन नवीन पाठवता येतेत. हिमांशूदादानं सांगतलं. आपल्या शब्दांत, आपल्या नावानं."

मी धुरपताबाईच्या फोनचं मागचं झाकण काढलं. तिनं जुनं सिम फेकलं नव्हतं. पिशवीत, कुंकवाच्या डबीत, आजीच्या फोटोबरोबर ठेवलं होतं. ते घातलं. बाबा काहीही न बोलता उठले, आपल्या फोनवरून तिला रिचार्ज मारला आणि परत जागेवर जाऊन बसले.

मग मी बोट ठेवलं. चक्र फिरलं, थांबलं. आणि सपरीत चिखलाचा पचक आवाज आला. आजीची ओळ. फोनमधल्या धुरपताबाईची ओळ. तिसऱ्या ओळीला पायरीवरची धुरपताबाई, तोंडात भात असताना, गुणगुणायला लागली. आबाजी डोळे मिटून बसले होते. सातवं गाणं लागलं तेव्हा आजी म्हणाली, मंग तुहा बाप मले रागावीन, आणि बाबा एकदम उठून विहिरीकडे हात धुवायला गेले. हात त्यांनी आधीच धुतले होते.

*

ऊन उतरल्यावर काका निघाला. खोकं त्यानं गाडीत ठेवलं, पण त्याचं झाकण परत चिकटवलं नाही. मला म्हणाला, "दरेकसाच्या पोरांचं काय करायचं, तेही लिही तुझ्या पत्रात. नुसतं बंद करा म्हणू नको." मी म्हटलं लिहीन. तो खरोखर नाराज होता आणि त्यानं खरोखर माझ्या डोक्यावर हात ठेवला. दोन्ही एकदम.

आई भांडी घासत होती, बाबा पाणी ओढून देत होते. मी वही घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. दिवाळीची वही, एकेचाळीस नावं, एकेचाळीस बरोबरच्या खुणा.

"आई, बाबा, मी ठरवलं."

बाबा म्हणाले, "टीना." पण या वेळेस मला बाकीचं वाक्य समजून घ्यायचं नव्हतं.

"उद्यापासून तीन दिवस, शाळेच्या आधी अन् शाळेच्या नंतर, मी या एकेचाळीस घरी जाईन. दोन्ही पत्रं पूर्न वाचून दाखवीन, आपल्या बोलीत, शेवटच्या ओळीपर्यंत. मी काय चूक केली ते सांगीन. मंग ज्याले जे म्हनाचं हाय ते त्याच्या शब्दांत लिहून दिल्लीले पाठवीन. कोनी काकाच्या बाजूनं म्हनलं तं तसं बी पाठवीन. पन आता कोनाचं बटन मी नाई दाबनार."

आईचा हात राखेत थांबला. "एकेचाळीस घरं? कोठून सुरू करशीन?"

अंगणात खोकल्याचा आवाज आला. आबाजी काठी घेऊन उभे होते, पायात चपला, तोंड पाटाच्या बाजूला. धुरपताबाई पायरीवरून उठून पिशवी झटकत होती.

"टोकापासून," मी म्हटलं. "आपलं घर शेवटी. अन् धुरपताबाईचं तं आताच. आबाजी येऊन राहिले मह्यासंग, जवळच्या रस्त्यानं."